चिंधीला दिलेली खळ

आमच्या घरात दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्याच खोलीत खड्डा होता. मांडीइतका खोल, एक माणूस पाय सोडून बसेल एवढा. नवा माणूस आला की बायको आतूनच ओरडायची, "डावीकडून या जी, खड्डा आहे!" त्या खड्ड्यात मी बारा-तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून पाय सोडून बसलो. वर माग, खाली माझे पाय, मागाच्या फळ्या दाबत. माझ्याआधी वडील बसायचे. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं ते आता आठवत नाही, पण खड्ड्यानं मला सोडलं नाही.

करडी गावात आमच्या आळीला असे पुष्कळ खड्डे होते. आम्ही जाड सुताची लुगडी विणायचो. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून उभ्या राहायच्या. ते लुगडं भिजायचं, चिखलानं जड व्हायचं, पण फाटत नव्हतं. मग बाजारात त्या झुळझुळीत साड्या आल्या. वजनाला हलक्या, दोरीवर टाकल्या की घडीभरात कोरड्या. बायांना दोष देत नाही, चिखलात मी थोडाच उभा राहत होतो. पण एकेक खड्डा बुजत गेला. कोणी त्यावर शहाबादी फरशी टाकली, कोणी कोंबड्या ठेवल्या. माझा राहिला. लोक म्हणायचे, बुढा अडेल आहे. असेन.

आमच्या कामात एक रीत आहे. मागावरचं कापड संपत आलं की उभे धागे शेवटपर्यंत विणून टाकायचे नाहीत. वीतभर शिल्लक ठेवायचे आणि नव्या तान्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एकेक धागा त्या जुन्या टोकाला गाठीनं जोडायचा. हजार-बाराशे गाठी. अंगठा आणि बोट फिरलं की पडते अशी बारीक गाठ, ओढाल तशी आवळते. वडिलांच्या शेवटच्या तान्याला मी माझा पहिला ताना जोडला, वडिलांनी आज्याच्या तान्याला जोडला होता. म्हणजे मागावर कापड कितीही बदललं तरी धागा तुटला नव्हता. धंदा बसला त्या काळातही मी लग्नातले दुपट्टे विणून तो चालू ठेवला, वर्षातून दोन-चार गाठोडी. तेवढ्यासाठीच.

मुलगा भंडाऱ्याला कामाला जातो. सून हुशार आहे, तिला रस्त्याकडच्या त्या खोलीत जनरल स्टोअर टाकायचं होतं. आता आमच्या दारावरून सिमेंटचा रस्ता गेला आहे, एसटी तिथंच थांबते. पावसाळ्यात खड्ड्यात बेडूक यायचे, मुलगा जेवताना म्हणायचा, "बाबा, रोडवरची खोली अन् तिच्यात बेंडकं. गिऱ्हाईक आलं तं पयले त्यायले दिसन."

मी म्हणायचो, "बेंडकं तुह्यापेक्षा जास्त वेळ घरी राह्यतात."

त्याच सुमारास ती पोरगी आली.

नागपूरची. कापडाचंच शिकलेली. आमच्याकडे धानाला रानडुकरं लागतात, म्हणून लोक बांधीच्या भोवती काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतात. पोरगी त्या साड्यांचे फोटो काढत होती. मी शेताच्या पारीवरून येत होतो.

"आजोबा, ही साडी किती दिवस उन्हात आहे?"

"तीन वर्सं असन. डुकरायसाठी बांधली आहे, फोटूसाठी नाई."

ती हसली. म्हणाली, असा रंग कोणत्याही कारखान्यात येत नाही. मी पाहिलं, तर कधीकाळची जांभळी साडी, उन्हानं उडून राखेसारखी झालेली. मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं आहे. पण मग तिनं विचारलं, "इथे अजून कोणी माग चालवतं का?" आणि मी तिला घरी आणलं. डावीकडून.

तिचं म्हणणं असं होतं. शहरात लोक दोनदा घालून कपडे फेकतात, डोंगर झाले आहेत त्याचे. आता त्यातल्याच काही लोकांना लाज वाटते आहे, त्यांना जुन्यातून नवीन केलेलं घरात हवं आहे. साड्यांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, उभ्या सुतात त्या आडव्या भरायच्या, दऱ्या, म्हणजे सतरंज्या, विणायच्या. "याला सस्टेनेबल म्हणतात, आजी," ती बायकोला म्हणाली.

बायको तांदूळ निवडत होती. "आमी त्याले वाकर म्हनतो," ती म्हणाली. जुन्या लुगड्यांची गोधडी आमच्याकडे कोणती बाई शिवत नाही?

पोरीनं तीस दऱ्या मागितल्या. लोकांना आवडल्या तर पुढे कायमचं काम. जाताना दारात उभी राहून तिनं एवढंच पुन्हा सांगितलं, "रंग द्यायचा नाही. खळ तर अजिबात नको, आजोबा. मऊ राहू द्या, जशी आहे तशी."

त्या दिवशी मुलगा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, एक वेळचं काम असेल, मग पुन्हा बेंडकं. मला राग आला. मी म्हणालो, "ह्या दऱ्या चालल्या नाई तं मीच माह्या हातानं खड्डा बुजवतो. तुले घमेलं उचला नाई लागन."

"पक्कं?"

"पक्कं."

बायकोनं तोंडावर पदर धरला. तिला माझं पक्कं ठाऊक आहे.

आम्ही घरोघर फिरून साड्या जमवल्या. शेतातल्या साड्यांच्या बदल्यात लोकांना दुसऱ्या बांधून दिल्या. बायको कडेला दातानं चीर पाडायची आणि मग दोन्ही हातांनी सर्रकन फाडत न्यायची. दिवसभर घरात तोच आवाज. फाडताना ती सांगत राहायची, ही अमकीच्या लग्नातली, ही तमकीला भावानं घेतलेली. ज्या साड्यांनी माझा धंदा बसवला होता त्याच आता फाटून माझ्यापुढे ढिगानं पडल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी वाटली.

पण पहिली दरी उतरवली आणि मी हिरमुसलो. पट्ट्या मुरगळलेल्या, काठ लोंबलेला, हातावर घेतली तर मेलेल्या सापासारखी दोन्हीकडे पडली. वडील कापड उभं धरून पाहायचे. उभं राहिलं तर कापड, नाही तर फडकं. असलं फडकं माझ्या मागावरून उतरून शहरात जाईल आणि लोक म्हणतील हे करडीच्या विणकराचं, ते मला सहन होणार नव्हतं.

आम्ही सुताला खळ देतो ती तांदळाच्या पेजेची. जुना तांदूळ गळेपर्यंत शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, वरून थोडं तेल. सूत त्यात न्हालं की ताठ होतं, तुटत नाही. मी भगोणं चुलीवर ठेवलं.

बायको म्हणाली, "पोरीनं नोको म्हनलं ना जी?"

"पोरगी काल जन्मली."

"मंग लावा. पन तिले सांगा."

"कायले सांगू? हातात घेईन तं तिचं तिलेच समजन."

चिंध्यांना खळ देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. उभ्या सुताला देतात, आडव्या भरण्याला कोणी देत नाही. मी दिली. एकेक पट्टी पेजेत बुडवली, पिळली, सरळ केली. मग दरी अशी उतरू लागली की पाटासारखी. काठ सुतारानं रंधा मारावा तसा. मी दारात उभी करून ठेवायचो आणि येणारे-जाणारे थांबायचे. सुनेनं फोटो पाठवले तेव्हा पोरीनं फोन करून विचारलं, "आजोबा, एवढी ताठ कशी?" मी म्हणालो, "माह्या हाताची वीन आहे." तिनं विश्वास ठेवला.

श्रावण भादव्याचे दिवस. ऊन असं दिसतच नव्हतं. मी दऱ्या चुलीच्या खोलीत बांबूवर टाकल्या, धूर लागू नये म्हणून पुन्हा हलवल्या. हाताला कोरड्या लागत होत्या. पोरीनं पाठवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेक घालून तोंडं बंद केली. आत किती ओल राहिली असेल ते पेजेला ठाऊक.

माल न्यायला आमच्याच गावचा टेम्पोवाला आला. पोरीनंच त्याला लावलं होतं. करडीहून माझ्या दऱ्या, सानगडीकडून कोणाच्या टोपल्या, असा त्याचा आठवड्याला एक फेरा ठरला होता. पाऊस लागून होता. तो ताडपत्री बांधायला लागला तर मी त्याला बाजूला केलं.

"तुह्या गाठी बैलाच्या गळ्यात घाल. हट."

मी आमची गाठ मारली. सुताला मारतो तीच, दोरीला मोठी करून. सगळीकडून आवळली आणि चार माणसांत म्हणालो, "एक थेंब आत गेला तं मिशी उतरवीन."

पंधरा-वीस दिवस काहीच निरोप नाही. मी नवा ताना जोडून ठेवला होता. जुन्या टोकाला नवं टोक, तीन दिवस लागले, डोळ्यांना आता दिसत नाही नीट. मग एका रविवारी दुपारी फोन आला. मुलगा, सून, सगळे घरीच होते. सुनेनं फोन मोठ्या आवाजावर लावून माझ्यापुढे धरला.

पोरीचा आवाज बसला होता. गोदामात पिशव्या उघडल्या तर एकेक दरीवर बुरशी. काळे ठिपके, आंबूस वास, काहींत बारीक किडे. तीसच्या तीस.

 पेज. पेज आंबली होती. मला तेव्हाच समजलं, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी.

ती म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यात खूप पाऊस होता. टेम्पोत पाणी शिरलं असेल ना, आजोबा?"

मुलगा माझ्याकडे पाहत होता. खड्डा आमच्या दोघांच्या मधे होता.

"असन," मी म्हणालो. "शिरलं असन."

"मग त्यात तुमचा काय दोष? तुम्ही पुन्हा विणा. त्या लोकांना मी सांगते. फक्त त्या टेम्पोवाल्याला मी आता काम देणार नाही."

फोन बंद झाला. मुलगा उठून हात धुवायला गेला. माग वाचला होता. बायको सुपातून मान वर न करता म्हणाली, "मिशी कवा काढता जी?"

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. विणायला बसायचो. बिनखळीची चिंधी भरायची, पोरीनं सांगितली होती तशी. दोन दऱ्या झाल्याही. पण पाय चुकीच्या फळीवर पडायचे. धागा तुटायचा आणि तुटलेला धागा जोडायला गाठ मारायची म्हटलं की बोटं थांबायची. पन्नासहून जास्त वर्षं जी गाठ मी न पाहता मारली ती मारताना मला ताडपत्री दिसायची. मी एका तोंडानं माझी वीण वाचवली होती आणि त्याच तोंडानं माझी गाठ सुटली म्हणून सांगितलं होतं. आणि ते न शिरलेलं पाणी दुसऱ्याच्या गाडीत ओतलं होतं. जेवण जात नव्हतं. पेजेचा वास आला की उठून बाहेर जायचो, आणि धानाच्या मुलखात पेजेचा वास कोणत्या घरातून येत नाही?

एक दिवस टेम्पोवाला आला. भांडायला येईल म्हणून मी वाट पाहत होतो, भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो डावीकडून आत आला, खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"काकाजी, माह्या गाडीत पानी शिरलं म्हने."

मी धोट्यावर चिंधी गुंडाळत राहिलो.

"गाडी रिकामी उभी आहे जी. आता लोक हसतात. म्हनतात, तुह्या गाडीत मासोळ्या पाळ." तो हसला, मग हसू उतरलं. "मी भांडाले नाई आलो. मले फक्त एक सांगा. ताडपत्री तुमी बांधली. नागपूरले थे गाठ माह्यानं सुटली नाई, गोदामवाल्याले इळा मांगून दोरी कापा लागली. गाठ सुटली होती का मधात?"

बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"नाई सुटली," मी म्हणालो.

"मंग पानी कुठून गेलं?"

मी धोटा खाली ठेवला.  त्यानं समजून घेतलं असेल, कारण त्याची नजर कोपऱ्यातल्या भगोण्यावर गेली, त्याच्या कडेला पेज वाळून पापडी धरली होती. तो उठला. "ठीक आहे जी. तुमी मोठे आहा," म्हणाला आणि गेला. दारात त्यानं चपलासुद्धा आवाज न करता घातल्या.

मी बायकोला म्हणालो, "फोन लाव."

"सून येऊ द्या."

"आत्ता लाव."

तिलाही नीट लावता येत नाही. तीनदा चुकला. मग पोरगी बोलली, "हां आजोबा, झाल्या का दऱ्या?"

"पानी नाई शिरलं," मी म्हणालो. "पेज होती. मी चिंध्यायले खळ देली होती. टेम्पोवाल्याचं काई नाई त्याच्यात."

 फोन कटला असं वाटून बायकोनं तो हलवून पाहिला.

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"म्हनलं होतं."

"फोटो पाहून मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं."

ती रागावली नाही. रागावायला पाहिजे होती. म्हणाली, टेम्पोवाल्याला ती आजच फोन करते. मग म्हणाली, "ज्यांनी मागितलं होतं त्यांना मी पावसाचं सांगितलं. आता खरं सांगावं लागेल. आणि खरं सांगितल्यावर ते पुढचा माल घेणार नाहीत, आजोबा. नका विणू आता."

"अरधी मागावर आहे," मी म्हणालो. काय बोलून राहिलो तेही समजत नव्हतं.

"नका विणू," ती पुन्हा म्हणाली.

दऱ्या परत आल्या त्या त्याच टेम्पोनं. ताडपत्री त्यानं स्वतः बांधली होती, बैलाच्या गाठीनं, आणि सगळं कोरडं होतं. तो माल उतरवून देत होता, मी एकही गठ्ठा उचलला नाही. त्यानंच भिंतीला लावून ठेवले.

बायको म्हणाली, धुऊन पाहू. आम्ही दोघं तलावावर गेलो. दरी पाण्यात टाकली की पांढरं सुटायचं, दुधासारखं, आणि त्यावर बारीक मासे झुंडीनं यायचे. बायको म्हणाली, "माशायले तरी आवडली तुमची खळ." मी हसलो नाही, तीही हसली नाही. घाटावरच्या एका बाईनं मान वाकवून पाहिलं. "थे निळी माही ना वो? तिचं असं झालं का?" असं विचारून ती आपले कपडे आपटायला लागली. दऱ्या मऊ झाल्या, पोरीला हव्या होत्या तशाच. ठिपके गेले नाहीत.

मुलाला मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, पक्कं म्हणाला होतात. तो ताटात बोटानं रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "राहू द्या ना बाबा. दिवारीपर्यंत राहू द्या खड्डा. घाई कायची आहे?"

त्यानं टोमणा मारला असता तर मी कदाचित आणखी वर्षभर अडून बसलो असतो. दयेपुढे मला अडता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुरूम टाकायला सांगितलं.

आधी ताना कापायचा होता. अर्धी दरी तशीच अडकलेली. मी कापडाकडून नाही, मागच्या बाजूनं कात्री लावली, जिथे जुनी टोकं होती. तिथे तीन दिवस बसून मारलेल्या गाठी ओळीनं दिसत होत्या. त्यामागे वीतभर जुनं सूत, काळं पडलेलं. कात्री एका दमात जात नव्हती. सून म्हणाली, बाबा मी कापू का? नको म्हणालो. कापलेले धागे झटक्यानं मागे गेले आणि मग सैल लोंबले. आवाज झाला नाही. मी तरी काहीतरी आवाज होईल असं धरून बसलो होतो.

मग घमेलं. मुलगा मदतीला आला तर मी त्याला दारातच थांबवलं. एकेक घमेलं मीच टाकलं, दोन दिवस लागले, कंबर मोडली. खड्ड्यात खरोखरच एक बेंडूक होतं, ते बायकोनं सुपावर घेऊन अंगणात सोडलं. वरून मी धुमसानं ठोकलं, पाणी मारलं, पुन्हा ठोकलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट.

आता तिथे फरशी आहे, सुनेचं दुकान आहे, पोरांच्या वह्या आणि बांगड्या लटकतात. मला एका कोपऱ्यात जागा दिली आहे. खाली ठिपक्यांची एक दरी घालून बसतो. बसणं जमत नाही. जन्मभर पाय खाली लोंबलेले, आता सपाटीवर त्यांचं काय करायचं ते समजत नाही. मांडी घालवत नाही, लांब केले तर गिऱ्हाइकाला लागतात. मधेच माझा डावा पाय आपोआप दाबतो, मग उजवा, आणि सून विचारते, "बाबा, मुंग्या आल्या का?" मी हो म्हणतो.

टेम्पोवाला येतो सामान घेऊन. मला रामराम करतो, दुकानात सरळ मधून चालत जातो, डोक्यावर पेटी घेऊन. सगळेच सरळ जातात आता. मी मात्र अजून दारातून डावीकडे वळतो आणि भिंतीला हात लावून कडेकडेनं जातो.